आई नक्षी उचलायची

चांगली मोठी होईपर्यंत माझे केस कोरडे कसे दिसतात हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. शेजारणींना वाटे ही आईची माया. "बेबीचे केस पाहा, माय कशी रोज तेल चोपडून देते," असं त्या आपापल्या मुलींना सांगत, आणि आई ते मुकाट ऐकून घेई. खरं कारण निराळं होतं. आईला कामासाठी एक तेलकट डोकं लागायचं. तिच्या पिशवीत स्टीलची एक लहान वाटी आणि पातळ कागदाची गुंडाळी कायम असे. कुणाच्या घरी उशीच्या अभ्र्यावर नाहीतर पडद्यावर भरतकाम दिसलं आणि ते मनात भरलं, की आई कागद त्यावर अंथरायची, वाटीची कड माझ्या डोक्यावरून दोनदा फिरवायची आणि ती तेलकट कड कागदावर घासायची. खालचे टाके कागदावर काळपट उमटून येत. घरची बाई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत कागद पुन्हा पिशवीत गेलेला असे आणि आम्ही दोघी भिंतीवरच्या देवांकडे बघत बसलेल्या असू. आईचे स्वतःचे केस का चालत नव्हते, तर ती शिकेकाईनं न्हायची. शिवाय चारचौघांत स्वतःच्या डोक्याला वाटी घासणं बाईमाणसाला शोभत नाही, असं तिचं मत होतं.

आमचं घर म्हणजे नागपूरच्या जुन्या शुक्रवारीत भाड्याच्या दोन खोल्या. पुढची खोली आईच्या कामाची, त्यामुळे पाहुणे आले की ते सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. पुढच्या खोलीत सतरंजीची जाड घडी, तिच्यावर कागद आणि कागदावर वाकलेली आई. नक्षी आधी पेन्सिलनं साफ करून घ्यायची, मग त्या रेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडत जायचं. या भोकांच्या कागदाला खाका म्हणत. खाका कापडावर ठेवायचा, घासलेटात नीळ कालवून तिचा बोळा वरून फिरवायचा, की खाली निळ्या ठिपक्यांची नक्षी तयार. ठिपक्यांवर टाके भरायचं काम मग ज्या बाईचं कापड तिचं. सुईचा तो टचटच आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. वास मात्र घासलेटचा. कणकेला, उशांना, बाबांच्या ऑफिसच्या डब्याला. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि बोलत फार कमी. गोळाभात पानात पडला की पहिला घास घेण्याआधी ते थांबत, आईकडे बघत आणि "आज नीळ नाही ना?" एवढंच विचारत. एकदा भात खरोखरच निळसर होता. त्यांनी तो खाल्ला.

आईच्या नक्ष्या कुठून येतात हे घराबाहेर सांगायची आम्हाला बंदी होती. बाबांच्या चहाबरोबरचं क्रीमचं बिस्किट एकदा तिनं त्यांच्या हातातून काढून घेतलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकं धरलं, आणि ते काही त्यांना परत मिळालं नाही. त्या बिस्किटावरच्या फुलांचा टेबलक्लॉथ झाला आणि त्या हिवाळ्यात धरमपेठेतल्या बऱ्याच दिवाणखान्यांत जाऊन पसरला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं लोखंडी झाकण होतं. त्यावर चौकटीत चौकट, मध्ये चांदणी, अशी मोठी देखणी नक्षी होती, पण ती कुणी कधी पाहिली नव्हती, कारण गटाराकडे कोण बघतं. आईनं भर दुपारी रस्ता मोकळा पाहून त्याचा छाप घेतला. मी छत्री धरून उभी होते, ऊन लागू नये म्हणून नव्हे, कोणी पाहू नये म्हणून. त्या झाकणाचा उशीचा अभ्रा झाला, आईनं त्याचं नाव ठेवलं 'चंद्रज्योत', आणि तेवढा खप तिच्या दुसऱ्या कुठल्या नक्षीला आला नाही. किती नव्या नवऱ्या त्या झाकणावर डोकं ठेवून झोपल्या याची मोजदाद नाही. मग दातांच्या डॉक्टरच्या खिडकीची जाळी, संत्र्याच्या पेटीवरच्या कागदाची कड, माझ्या मामाच्या नव्या चपलेचा तळ. चपलेच्या तळाची किनार बायका विशेष करून देवाच्या वस्त्राला मागत. मला त्याची धास्ती वाटे. आई म्हणे, देवाले थोडीच माहीत आहे.

आता मी हुडकेश्वरला मुलाकडे राहते. माझी सून घरी बसून लाकडी ताटल्या रंगवते आणि फोनवरून विकते. गिऱ्हाइकाला आपल्या कलेमागची प्रेरणा कळली पाहिजे असं तिला कुणीतरी सांगितलं, म्हणून परवा तिनं मला विचारलं, आई, तुमच्या आईची प्रेरणास्थानं कोणती होती हो? मी म्हटलं, बिस्किट, गटार आणि चप्पल. तिनं थोडा विचार केला आणि 'दैनंदिन जीवन' असं लिहिलं. पोरगी हुशार आहे, चार पैसे कमावेल. तिला मी पुढची गोष्ट सांगायला घेतली होती, पण तेवढ्यात कुरियरवाला आला. म्हणून ती इथं लिहून ठेवते.

आई आपल्या कामाला चित्र काढणं म्हणत नसे. ती म्हणे, मी काढत नाई, मी उचलते. कुणी तोंडावर स्तुती केली तरी हेच उत्तर. तिच्या लेखी जगात दोन प्रकारच्या बायका होत्या, डोक्यातून काढणाऱ्या आणि उचलणाऱ्या, आणि पहिल्या जातीची बाई तिला आजवर भेटली नव्हती. उचलणाऱ्यांचा मात्र एक कायदा होता, तो तिनं मला लहानपणीच पढवला होता. आपण कुठून उचललं ते सांगायचं नाही, आणि समोरचं कुणी काढलं ते विचारायचं नाही. विचारलं की समोरची सावध होते आणि अभ्रा घडी घालून आत नेते. त्यामुळे आई कुणाच्याही घरी बसली की तोंडानं हवापाण्याच्या गोष्टी करी आणि डोळ्यांनी चादरी धुंडाळी. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि आम्ही भेटायला गेलो, तर तिथंही तिचं लक्ष सतरंजीच्या किनारीवर. ती मान खाली घालून एकटक बघत बसे, आणि लोकांना वाटे, सुमनबाईंना फार लागलं. बाबा तिच्यासोबत कुठं जायचं टाळत. मला डोक्यामुळे जावंच लागे.

हे सगळं ज्या दुकानाच्या जिवावर चालायचं ते बर्डीच्या बाजारात होतं. दोरे, लेस, रिंगा, सुया असं सगळं तिथं मिळे, आणि आईचे खाके तिथूनच जात. मालक मनोहरभाऊ, जाडजूड, शांत, सदा सुपारी कातरत बसलेले. आई त्यांच्याकडे नवा खाका घेऊन गेली की ते अडकित्ता खाली ठेवत, आणि हा आम्ही दोघी मोठा मान समजत असू. एका दिवाळीनंतर आम्ही गेलो तर त्यांनी अडकित्ता ठेवला नाही. काउंटरवर रंगीत कागदांचा गठ्ठा होता. बाहेरगावाहून आलेले छापील कागद. कापडावर ठेवून वरून इस्तरी फिरवली की नक्षी उमटलीच. ना घासलेट, ना नीळ, ना वास. आईनं ते एकेक करून पाहिले. गुलाब होते, मोर होते, टोपलीतली मांजर होती, आणि तळाशी आमचं बिस्किटही होतं, जसंच्या तसं. आमच्यासारखंच बिस्किट खाणारं कुणीतरी तिकडंही होतं.

"वैनी, तुमच्याशी खोटं नाही बोलत," मनोहरभाऊ म्हणाले. "गिऱ्हाईक हेच मागून राहिलं. या गठ्ठ्यात नाही असं काही आणा, लगीनसराईच्या आत. मी ठेवतो. नाही आणलं तर मग मलेही दुकान चालवायचं आहे."

आईचं काम गेलं असतं तर आम्ही उपाशी मेलो नसतो. बाबांचा पगार होता. पण त्या कामावाचून आई म्हणजे कोण, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं, तिलाही नाही. त्या हिवाळ्यात तिनं उचलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. पितळी तांब्याचा गळा, आंघोळीच्या खोलीतली खडबडीत काच, रेडिओपुढची जाळी, डाळिंबाच्या आतला पडदासुद्धा. कागदावर उतरवायची, लांबून बघायची आणि चुलीत घालायची. म्हणायची, हे आहे त्या गठ्ठ्यात. नसलं तरी तिला ते असल्यासारखं दिसे. मग एका रविवारी मी न्हायला बसले तेव्हा तिनं आपणहून मला शिकेकाई आणून दिली आणि म्हणाली, धू चांगले. मी समजले. घरातली टचटच थांबली. घासलेटचा वास हळूहळू उतरला, आणि बाबांनी तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना विचारलं, वरणात काही कमी पडलंय का. आई म्हणाली, काही नाही. ते म्हणाले, मग मलाच तसं वाटत असेल. मला घराची भीती वाटायला लागली होती, इतकं ते स्वच्छ झालं होतं.

कळमेश्वर हे आईचं माहेर. तिथं तिच्या घराला लागून गोदाकाकू राहत; नात्यातल्या नव्हेत, पण शेजारामुळे काकू. त्यांच्या गजाननाला मुलगा झाला आणि बारशाचं बोलावणं आलं. आई जायला तयार नव्हती, बाबांनीच तिला पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोरड्या केसांनी आईबरोबर बाहेर पडले. बारसं बारशासारखं होतं. बायकांची गर्दी, भिजवून वाफवलेल्या घुगऱ्या, कुणाचं तरी पोर रडतंय आणि ते ज्याचं बारसं त्याचं नाही. त्या घरी रिवाज असा की बाळाला पहिलं पांघरूण नवं घालायचं नाही, घरातलं जुनं, मऊ झालेलंच घालायचं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बाळ पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात निघालं, ते आईच्या हातात आलं, आणि पुढं गेलंच नाही. पलीकडच्या बाईनं हात पुढं केले. आई बाळाकडे बघत होती. बाळाकडे नव्हे, हे मला एकटीलाच कळलं. ती त्याच्या दुपट्याकडे बघत होती. दुपटं पार विटलेलं. रंग कुठला होता ते सांगता येऊ नये, अर्धे टाके उसवलेले. पण कडेनं एक वेल गेली होती, आणि आईच्या डोळ्यांत मी पुष्कळ दिवसांनी ती चमक पाहिली. गोदाकाकूंनी कौतुकानं म्हटलं, सुमीले लेकराची लय हौस. मग बाळ पुढं सरकलं.

पुढचं काम आईनं बाळ झोपल्यावर केलं. बायका मागच्या अंगणात पंगतीला बसल्या तेव्हा तिनं मला खुणेनं आत बोलावलं. कागद बाळावरच अंथरला, तोंड उघडं ठेवून. वाटी माझ्या डोक्यावर फिरवली आणि मग तिच्या ध्यानात आलं की मी शिकेकाईनं न्हालेली. आई थांबली. इकडंतिकडं पाहिलं. मग तिनं वाटी बाळाच्या टाळूवरून फिरवली, जिथं तेल नुसतं थापलेलं होतं, आणि सावकाश, एका कडेनं, सगळी वेल उतरवून घेतली. बाळानं डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. तो मुलगा आता बुटीबोरीच्या एका कारखान्यात मोठा अधिकारी आहे. लग्नकार्यात भेटला की मला वाकून नमस्कार करतो, आणि दर वेळी मला त्याच्या टाळूकडे पाहावंसं वाटतं.

घरी येऊन आईनं ती नक्षी साफ केली तेव्हा ती काय चीज आहे हे मलाही दिसलं. बिस्किट काय, जाळी काय, झाकण काय, आमच्या सगळ्या नक्ष्यांत एक तुकडा पुन्हा पुन्हा येई. इस्तरीच्या कागदांतही तेच. या वेलीत एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं. एक किडलेलं होतं, एक मुडपलेलं, एक नुकतंच फुटत होतं. चार कोपऱ्यांत चार पाखरं. एक मागं वळून बघत होतं, एक चोचीनं पाठ खाजवत होतं, एक उडायच्या बेतात, आणि चौथं पंखात मान घालून चक्क झोपलेलं. आई खाका टोचत होती आणि मध्येच सुई थांबवून त्या झोपलेल्या पाखराकडे बघून हसत होती. मनोहरभाऊंनी तो पाहिला तेव्हा अडकित्ता तर ठेवलाच, चष्मासुद्धा पुसला. त्यांनी लगेच सांगितलं की हे गठ्ठ्यात नाही, कुठंच नाही, आणि आता याच हाताच्या आणखी चार करा, चादर, उशा, पडदे, नवरीचा पूर्ण संच होऊ द्या. मी आनंदले. आई म्हणाली, पाहते, आणि पायऱ्या उतरताना तिचा चेहरा उतरला होता.

याच हाताच्या आणखी चार कुठून आणणार? दुपटं एकच होतं. घरी आल्यावर आईनं मला समोर बसवलं आणि सांगितलं की ही वेल जिनं काढली ती बाई डोक्यातून काढणारी आहे. तिला खात्री होती, कारण असली वेल कुठंच असू शकत नाही. वेलीवर पाखरं अशी बसत नाहीत. मग पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात त्या बाईशिवाय विषय नव्हता. भाजी निवडताना आई म्हणे, तिचा हात काय मोकळा असेल. पोळी लाटताना म्हणे, तिनं रबर वापरलंच नसेल. कधी नव्हे ते तिनं आपले जुने खाके काढून जमिनीवर मांडले, चंद्रज्योत, बिस्किट, चप्पल, सगळे, आणि त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला ते खाके लपवावेसे वाटले. मला त्या न पाहिलेल्या बाईचा भयंकर राग आला. माझ्या आईनं भर उन्हात गटारावर बसून नक्ष्या मिळवल्या होत्या आणि ही कोण कुठली, आयती डोक्यातून काढणारी.

शेवटी आईनं ठरवलं. उचलणाऱ्यांचा कायदा मोडून ती कळमेश्वरला जाणार, ती बाई कोण ते गोदाकाकूंना विचारणार, आणि तिला घेऊन येणार. काम यापुढं त्या बाईचं. मनोहरभाऊंना तिचंच नाव सांगायचं. ती काढेल आणि आई नुसती भोकं पाडेल. हे तिनं बाबांना जेवताना सांगितलं. बाबांनी विचारलं की ती बाई येईल कशावरून. आई म्हणाली, मी पाया पडीन. बाबांनी त्या दिवशी ताक मागितलं नाही, आणि ताकाशिवाय ते कधी उठत नसत. आईनं कपाटातून एक चांगला खण काढला, नारळ आणला, त्या बाईची ओटी भरायला.

गोदाकाकू ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सून बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती. आई थेट विषयावर आली नाही. तिला विचारायची सवयच नव्हती. पाणी झालं, चहा झाला, गजाननची नोकरी झाली. मग तिनं विचारलं की बारशाच्या दिवशी बाळाच्या अंगावर दुपटं होतं ते कुणाकडचं. गोदाकाकूंनी सांगितलं, घरचंच, गजाननाच्या वेळचं, त्यांनी स्वतः भरलेलं. आईनं पिशवीतला खण बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. म्हणाली, भरलं तुम्ही, पण काढून कोणं देल्लं? गोदाकाकूंचा तांदळातला हात थांबला.

"काहून वं, सुमे, मस्करी करून राहिली काय माही?" त्या म्हणाल्या. "तुनंच तं काढून देल्लं होतं."

आईनं मान हलवली. म्हणाली, नाही, दुसरं कुणी असेल, तुम्ही विसरल्या. गोदाकाकू विसरण्यातल्या नव्हत्या. त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे दिवस भरत आले होते. आईच्या घरचे सगळे सर्कस पाहायला नागपूरला निघाले, आणि काकूंना सोबत म्हणून सुमीला मागं ठेवलं. सुमी तेव्हा असेल चौदा-पंधरा वर्षांची. ती रुसली, चुलीतला कोळसा घेतला, समोर काकूंनी बाळासाठी फाडून ठेवलेलं कापड होतं ते ओढलं, आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. पाखरू झोपलेलं पाहून काकू इतक्या हसल्या की त्यांना वाटलं, आत्ताच मोकळी होते मी.

आईला हे काही आठवलं नाही. सर्कस आठवली, म्हणजे न पाहिलेली. मग तिनं विचारलं, आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"पण काकू, मी थे कायच्यावरून काढलं?"

"कायच्यावरून म्हणजे?"

"समोर काय होतं माह्या? कोणती चादर, कोणता पडदा?"

गोदाकाकूंनी ओसरीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिथं बसली होती तू. तिकडं तोंड करून. समोर काय असन वं? भिंत होती."

आम्ही तिघी तिकडं पाहायला लागलो. कोपऱ्यात साधी सारवलेली भिंत होती. तिच्यावर एक खिळासुद्धा नव्हता. मला एकदम रडू आलं आणि मी बाळ बघायच्या निमित्तानं आत गेले. बाहेर आले तेव्हा आईनं ओटीचं सामान गोदाकाकूंच्या पदरात घातलं होतं आणि त्या विचारत होत्या की आज काय आहे बाई, कशाची ओटी. आई म्हणाली, अशीच.

एस.टी.त ती खिडकीपाशी बसली. मी बोलायचा प्रयत्न करून पाहिला. मला वाटलं होतं तिला आनंद होईल; मला तर इतका झाला होता की कंडक्टरला सांगावंसं वाटत होतं. पण आई घाबरलेली होती. लग्न होऊन ती नागपूरला आली, दुकानातून पहिलं काम मिळालं ते एका जुन्या कागदावरून उतरवून द्यायचं, आणि तेव्हापासून ती उतरवतच राहिली. मधल्या सगळ्या वर्षांत तिला कुणी नुसत्या भिंतीपुढं बसवलं नव्हतं. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्या दिवशी ती फक्त आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, हात दुसऱ्या कुणाचा असून चुकून आपल्याकडे राहिल्यासारखा.

घरी बाबा दिवा लावून बसले होते. त्यांनी वरण-भात केला होता, जन्मात पहिल्यांदा, आणि तो वाईट झाला होता. पानं घेतल्यावर त्यांनी विचारलं, "भेटली का ती बाई?"

"भेटली," आई म्हणाली.

"येते म्हणाली?"

आईनं भात कालवला. "लय वर्षांत काढलं नाई म्हणे तिनं काही. हात चालते का नाई, तिलेच माहीत नाई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. ते कारकून होते, पण कच्चे नव्हते. त्यांनी आईच्या पानात आणखी थोडं वरण वाढलं आणि म्हणाले, "मग घाई करू नका म्हणावं तिला. मनोहरभाऊंना मी सांगतो, थांबा म्हणून."

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेल्यावर आईनं पुढच्या खोलीतल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. देवाची तसबीर काढून माझ्याकडे दिली. मग सतरंजी अंथरून, कोरा कागद घेऊन, ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी स्वयंपाक उरकला, धुणं वाळत घातलं, दारातून डोकावून पाहिलं, कागद कोरा. बटाटे उकडले, डोकावून पाहिलं, कोरा. एकदा तर ती पेन्सिल ठेवून नुसती रडत होती, आवाज न करता, आणि मी दाराआड उभी राहून तिच्यासारखीच रडत होते. ऊन दारातून आत येऊन पुन्हा बाहेर गेलं. चहा घेऊन मी तिच्याजवळ गेले तेव्हा कागदाच्या एका कोपऱ्यात एक पान होतं. लहानसं, एका बाजूला झुकलेलं, देठाशी थोडं मुडपलेलं. मी असलं पान कुठल्या झाडाला पाहिलं नव्हतं.

"कशाचं पान आहे हे?" मी विचारलं.

"मले काय माहीत," आई म्हणाली, आणि तिनं दुसरं काढायला घेतलं.